निळ्या बिल्ल्यांची वासरं

१

मेलेल्या चारही वासरांच्या कानात निळे बिल्ले होते. पांढऱ्या बिल्ल्यांची चारही वासरं पलीकडच्या कप्प्यात उभी होती आणि एकमेकांचे कान चोखत होती. गोठा एकच, दूध एकाच टाकीतलं, आजारही एकच. मरण मात्र बिल्ला बघून आलं होतं.

मी दूध संघाची तपासनीस. जनावरं संशयास्पद मेली की मला धाडतात. खापर कोणावर फोडायचं ते मी शोधावं अशी अपेक्षा असते. खरं तर डोकं बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, मी फक्त खापर घेऊन जायचं. या खेपेचं डोकं होतं छोट्या डॉक्टरचं.

ती काही छोटी नव्हती. चाळिशीला टेकलेली बाई, कपाळाजवळ पांढरी बट. पण वडील जनावरांचे नामांकित डॉक्टर, सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे, त्यामुळे ही जन्माची छोटी राहिली. गोठा घरचाच होता. तो तिचा धाकटा भाऊ चालवायचा.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

"वासरांमध्ये खोकल्याची साथ आली. बाबांनी अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. खोकला गेला, पण त्या औषधाला आपला-परका कळत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणूही त्यात जातात. मग वासरांना जुलाब लागतात. अशा वेळी पोटात चांगली वस्ती पुन्हा बसवावी लागते. माझी पुडी त्यासाठी आहे. सिनबायोटिक म्हणतात त्याला. जिवंत जिवाणू, आणि त्यांना खायला लागणारा तंतूंचा भुगा. नुसते जिवाणू धाडले तर तिथं उपाशी मरतात, म्हणून शिदोरी बरोबर बांधून द्यायची."

"निळ्यांना पुडी, पांढऱ्यांना नाही?"

"हो. फरक दिसावा म्हणून." ती हसली. ते हसणं बघवेना. "दिसला."

प्रयोगशाळेनं कळवलं होतं की मेलेल्या वासरांच्या आतड्यात पुडीतल्या जिवाणूंचा मागमूस नाही. याचा सरळ अर्थ, तिनं मेलेली पावडर जिवंत म्हणून पाजली. दुसऱ्या दिवशी संघाची सभा होती. निष्काळजीपणा ठरला तर पुडी कायमची बंद, आणि तिचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन काढून घ्या अशी तक्रार वर जाणार होती. अर्ध्या आयुष्याचं काम, वर बदनामी.

फ्रीजमध्ये त्याच खेपेच्या पुड्या उरल्या होत्या. त्यातली एक मी माझ्या हातानं उचलली, घरात जाऊन वाटीभर कोमट दुधात कालवली आणि वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत झाकून ठेवली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"तुमची साक्षीदार आहे," मी म्हटलं. "दुपारपर्यंत बोलेल, नाहीतर मुकीच राहील."

२

भाऊ दूधखोलीत पाण्याच्या पाइपनं फरशी धूत होता. मला बघून त्यानं पाणी बंद केलं, पण पाइप हातातून सोडला नाही.

"विचारा मॅडम. ताईनं मारली म्हणायचं ना? म्हणतो. वासरांचा कप्पा मोडून तिथं चाऱ्याचं कोठार करायचं माझ्या मनात होतं, हिनं तिथं प्रयोग मांडला. घरात शब्द काढायची सोय नाही. बाबांची लाडकी."

"दूध वासरापर्यंत कसं पोचतं?"

त्यानं हातानंच दाखवलं. गोठ्यावरची काकू एकाच टाकीतून दोन कॅन भरते, एक निळा, एक पांढरा. दोन्ही गरम पाण्याच्या हौदात उभे करते आणि शेण काढायला जाते. दूध कोमट झालं की ताई येते, बादल्यांत ओतते, निळ्यांच्या बादलीत पुडी ढवळते.

"मधल्या वेळात इथं कोण असतं?"

"कोणी नाही. दार सताड उघडं. या, बसा, गाणी म्हणा."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. औषधं विकणारा माणूस. त्याला सगळे सुईवाला म्हणत, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं उत्तर सुई. त्यानं मला नमस्कार केला आणि न विचारता बोलायला लागला.

"पिठाची पुडी हो मॅडम! दह्याची भुकटी फार तर. त्यानं कुठं जनावर बरं होतंय?"

"झालं असतं तर तुमच्या पोटावर पाय आला असता."

"माझ्या?" तो खदखदून हसला. "मोठे डॉक्टर निवृत्त होऊनसुद्धा माझी एक पेटी त्यांच्या कपाटात कायम भरलेली असते. असली गिऱ्हाइकं असल्यावर मला काय धाड भरलीय?"

भावानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं गाडी वळवली. मला दोघंही आवडले नाहीत. दोघांनाही ती हरायला हवी होती आणि दोघांनाही ते लपवायची गरज वाटत नव्हती. माझ्या धंद्यात असल्या माणसांमुळे फार घोटाळा होतो. ती गुन्हेगार दिसतात आणि पुष्कळदा नुसती दुष्ट असतात.

३

मोठे डॉक्टर व्हरांड्यात काठी टेकून बसले होते. मागच्या भिंतीवर सत्काराच्या तसबिरी. मी बसले आणि मला खोकला आला.

"औषध चालू होतं?" त्यांनी लगेच विचारलं.

"होतं. बरं वाटलं म्हणून सोडलं."

"तिथंच तर घोडं पेंड खातं! बरं वाटलं की सोडलं. पाच दिवस सांगितलंय ना, मग पाच दिवस. जनावराचे मालकही असेच. शेण बांधून आलं की बाटली खिडकीत. आयुष्यभर बोंबलून सांगितलं मी, कोर्स पुरा करा, कोर्स पुरा करा."

मी मुकाट मान हलवली. म्हातारा रागावला तरी त्याचा राग यायचा नाही. आवाजात माया होती.

"तुमच्या मुलीच्या पावडरीबद्दल काय म्हणता?"

"उत्तम आहे! लिहून घ्या माझ्या नावावर. तुम्ही ती वासरं बघायला हवी होती. मी रोज सकाळी जाऊन काठीनं शेण परतून बघायचो. पहिल्या सकाळी एका निळ्याला जरा पातळ झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी? चारही ठणठणीत, उड्या मारतायत. पांढरी बिचारी ढेंगा फाकून उभी." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "ठरलेल्या मुदतीनं तिनं पुडी थांबवली. काय खूश होती पोरगी! आणि मग तीन-चार दिवसांत सगळी रक्ताच्या जुलाबांनी... पांढरी आपली आपण सावरली, आणि ही गेली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं हे एकच माणूस होतं. मला त्यांचा आधार वाटला, हे कबूल करते.

पण एक गोष्ट टोचली. गोठ्यात फिरताना छोटी डॉक्टर म्हणाली होती की जिवाणूंची वस्ती बसायला वेळ लागतो, पुडी सावकाश काम करते. मग वासरं एका दिवसात कशी काय ठणठणीत झाली?

४

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. भावाची बायको, म्हणजे घरातली वहिनी, माझ्या वाटीवरचं झाकण काढून आत बघत होती.

"अगंबाई! हे तर झकास लागलंय!"

वाटीतलं दूध घट्ट झालं होतं, आंबूस वास सुटला होता. पुडीतले जिवाणू जिवंत होते. मी सुस्कारा सोडला. साक्षीदार बोलली होती. पुडीत धडधाकट असलेला जीव वासराच्या पोटात पोचेपर्यंत मेला होता, म्हणजे कोणीतरी वाटेत मारला होता.

वहिनी मात्र वाटीकडे हेव्यानं बघत होती. "तुमच्या हाताला लागलं बाई. माझ्या हाताला मध्ये काय झालं होतं कोण जाणे. दही म्हणून लागेना. दूध आपलं तसंच्या तसं. यांनी तर बोलून दाखवलं, आता तुला दहीसुद्धा जमेना का."

मी खुर्ची ओढून बसले. "विरजण बिघडलं असेल."

"तसं म्हणावं तर त्याच विरजणानं दुसऱ्या पातेल्यात लागलं की! काकू निळ्या कॅनमधलं उरलेलं दूध मला आणून द्यायची, पांढऱ्यातलंही द्यायची. पांढऱ्याचं लागलं, निळ्याचं नाही. मी पातेली बदलली, घासून घासून हात गेले."

"हे कधीपासून कधीपर्यंत?"

"वन्संनी पुड्या सुरू केल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." तिनं बोटांवर मोजलं. "पाच दिवस. मग आपोआप लागायला लागलं. मी कोणाला बोलले नाही. दह्यावरून कोण तपास करतं?"

"मी करते," मी म्हटलं.

पुडी बादलीत पडायची, कॅनमध्ये नाही. म्हणजे दोष पुडीचा नव्हता, दुधाचा होता. विरजणातले जिवाणू आणि छोट्या डॉक्टरच्या पुडीतले जिवाणू हे एकमेकांचे चुलतभाऊ. ज्या दुधानं दही लागू दिलं नाही, त्याच दुधानं पुडी मारली. आणि असं दूध एकाच कारणानं होतं. त्यात अँटिबायोटिक असतं.

५

मी तडक भावाकडे गेले. गाईच्या सडाला सूज आली की तिला अँटिबायोटिक देतात, आणि तिचं दूध काही दिवस विकता येत नाही. ते फुकट घालवायचं जिवावर येतं म्हणून पुष्कळ गोठ्यांत ते वासरांना पाजतात.

"तुम्हीही पाजायचात?"

तो वरमला. "पाजायचो. ताईनं आकाशपाताळ एक केलं. म्हणाली, यानं माझे जिवाणू मरतील. तेव्हापासून गटारात ओततो."

"म्हणजे पुडी कशानं मरते हे या घरात तुम्हाला पक्कं माहीत होतं."

पाइप सोडून त्यानं काकूला हाक मारली. काकू शेणाचं घमेलं घेऊनच आली.

"काकू, पुड्या चालू असताना किती गाई औषधावर होत्या?"

"एकपण नाही बाई. औषधाच्या गाईला मागच्या पायात लाल पट्टा बांधतो आम्ही. सगळे पट्टे खुंटीला होते. मीच धुऊन वाळत घातलेले."

लाल पट्टे नाहीत, म्हणजे दूषित दूधही नाही. टाकीतून दोन्ही कॅनमध्ये चांगलंच दूध भरलं गेलं आणि औषध हौदाजवळ फक्त निळ्यात पडलं. कोणीतरी स्वतः येऊन टाकलं होतं. सुईवाला रोज चक्कर मारायचा. भाऊ तिथंच असायचा. प्रयोगामुळे काकूवर कामाचा बोजा वाढला होता आणि ती उघड कुरकुरत होती. तिघांनाही जमलं असतं.

मी हौदाच्या काठावर बसले आणि मला पुन्हा खोकला आला. खोकता खोकता एकदम सगळं उमगलं, आणि उमगलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

६

सगळ्यांना मी स्वयंपाकघरात बोलावलं. सुईवाला दाराशी उभा राहिला, काकू ओट्याशी, मोठे डॉक्टर खुर्चीत. छोटी डॉक्टर वडिलांच्या मागं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"निळ्या कॅनमध्ये पाच दिवस अँटिबायोटिक पडत होतं," मी म्हटलं. "त्यामुळे पुडी पोटात पोचण्याआधीच मेली. वासरं लगेच ठणठणीत दिसली, ती त्या औषधामुळे. औषध थांबलं तेव्हा आतडी रिकामी पडली होती. औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे शिल्लक होते, आणि त्यांना अडवायला कोणी नव्हतं. वासरं त्यांनी मारली."

"कोणी टाकलं?" छोटी डॉक्टर भावाकडे बघत म्हणाली. "तूच ना रे?"

"ताई, आईची शपथ!"

"त्यानं नाही," मी म्हटलं. "तुमचं वाईट चिंतणारा माणूस पाच दिवसांनी कशाला थांबेल? वासरं उड्या मारतायत, पुडी जिंकतेय असं दिसतंय, आणि वैरी आपला हात आवरतो? बरं, भल्यासाठी दुसरा कोणी उपचार करत असता तर त्यानं दुसऱ्या दिवशी सोडलं असतं. शेण बांधून आलं की बाटली खिडकीत. वासरं बरी दिसत असतानाही मोजून पाच दिवस रोज येणारा माणूस एकच प्रकारचा असतो. कोर्स पुरा करणारा."

खुर्चीच्या पाठीवरचा हात आधी घट्ट झाला, मग सुटला.

"बाबा?"

मोठे डॉक्टर काठीच्या मुठीकडे बघत होते. "पहिल्याच सकाळी एकाला पातळ झालं," ते म्हणाले. "सगळ्या संघाचं लक्ष होतं तुझ्यावर. पहिल्याच झटक्याला हसं झालं असतं तुझं. म्हटलं, नुसतं पाच दिवस सांभाळून घेऊ. पुढं वासरं आपली आपण तगतील, नाव तुझं होईल."

"मला विचारायचं होतंत."

"तू नको म्हणाली असतीस."

"बाबा, अँटिबायोटिकनं माझे जिवाणू मरतात हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हाला?"

म्हाताऱ्यानं वर बघितलं. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि त्या घटकेला तोच नडला.

"ते मरतील हा विचारच आला नाही, बाळ. त्या पुडीत काही जिवंत आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं."

भावानं तिच्यापुढं पाण्याचा पेला धरला, तो तिनं घेतला नाही.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात," ती म्हणाली, "की माझी पावडर उत्तम आहे."

"आपल्या मुलीबद्दल दुसरं काय सांगणार?"

ती मागच्या दारानं गोठ्यात निघून गेली. माझी तपासणी संपली होती. इतकी वर्षं हे काम करतेय, पण वैरी सापडला असता तर किती बरं झालं असतं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

७

मोठ्या डॉक्टरांनी सभेत सगळं सांगितलं. मी त्यांना भाग पाडलं नाही, ते आपण होऊन उठले. काठीवर भार देऊन म्हणाले, "औषध मी घातलं. पुडी चांगली होती. माझ्या मुलीचा काही दोष नाही."

मग अध्यक्ष जागेवरून उठून आले, त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"डॉक्टर, बसा. बापाचं काळीज आम्हाला कळतं. तुम्ही असं काही कराल यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

"अहो, मी खरंच—"

"बसा तुम्ही. लेकीसाठी माणूस काय काय अंगावर घेतो!" मागं कोणीतरी डोळे पुसले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. म्हातारा उभाच होता आणि हातानं नको नको म्हणत होता. टाळ्या वाढल्या.

मी उठून दह्याचं सांगितलं. पातेल्यांचं, विरजणाचं, पाच दिवसांचं. वहिनीही आली होती, तिनंही सांगितलं. लोक आधी ऐकत होते, मग हसायला लागले. "तपासणीबाई स्वयंपाकघरातच रमल्या वाटतं," कोणीतरी म्हणालं. वहिनी पदराशी चाळा करत खाली बसली. प्रयोगशाळेचा कागद मात्र सगळ्यांना मान्य होता. आतड्यात जिवाणू नव्हते, म्हणजे पुडी मेलेली होती.

शेवटी ठरलं की पुडी बंद. तक्रार मात्र वर धाडायची नाही, मोठ्या डॉक्टरांकडे बघून. छोट्या डॉक्टरला माफी मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी काय असते, ते मी तिच्या तोंडाकडे बघून शिकले. तिनं उठून अध्यक्षांचे आभार मानले.

दोन दिवसांनी मी गोठ्यावर उरलेल्या कागदांवर सह्या घ्यायला गेले, तेव्हा फाटकापाशी गाडी उभी होती. छोटी डॉक्टर पुड्यांचा थंड डबा मागच्या सीटवर दोरीनं बांधत होती. कुठं जाणार ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पांढऱ्या बिल्ल्यांची वासरं फळीवरून माना काढून बघत होती.

मोठे डॉक्टर काठी टेकत आले. तिला दोन शिंका आल्या. म्हाताऱ्याचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आला.

"आजपासून घे. पाच दिवस. मध्येच सोडू नकोस."

तिनं पाकीट घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, भिरकावून देईल. मलाच ते भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

"नुसती सर्दी आहे, बाबा," ती म्हणाली. "आपोआप जाते."

तिनं पाकीट फाटकाच्या कठड्यावर ठेवलं, वाकून त्यांच्या पाया पडली आणि गाडीत बसली. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर म्हातारा हात हलवत राहिला. मग त्यानं कठड्यावरचं पाकीट उचललं, सदऱ्याला पुसलं, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून परत खिशात ठेवलं.